बॅच एकेचाळीस

रबाळ्याच्या आमच्या प्लांटात
फर्मेंटरला कुणी फर्मेंटर म्हणत नाही.
हंडा म्हणतात. दहा हजार लिटरचा, पोलादी,
दोन मजल्यांना छेद देऊन उभा.
आणि वरून जे बीज सोडतात
ते रजिस्टरात इनॉक्युलम,
तोंडी विरजण.

माझी ती रात्रपाळीची चौथी रात्र.
ऐरोलीच्या खोलीवरून आणलेला डबा
अजून उघडला नव्हता.
मक्याचं पाणी, सोयाची पेंड, सदतीस अंश,
आणि थेंबाथेंबात कोट्यवधी
सळईसारखे जीव
पेंड फोडायला लाळ सोडत होते.

आम्हाला हवी असते ती लाळच.
गाळून, सुकवून, दाणे करून
ती जाते धुण्याच्या पावडरीत
आणि कुणाच्या बाहीवरचं वाळलेलं अंडं,
कुणाच्या चादरीवरचं रक्त
बादलीत रात्रभर कुरतडत बसते.
सोडणारा जीव केव्हाच मेलेला असतो.

दोन चाळीसला पडद्यावरची निळी रेघ
चढायला लागली.
ऑक्सिजन. वीस टक्के. तीस. बेचाळीस.
मी खूश.
सुवाच्य अक्षरात लिहिलं: सुधारणा.

बाळाराम मढवी लोखंडी जिना चढून आला.
पडद्याकडे त्यानं पाहिलंच नाही,
हंड्याच्या अंगाला तळहात लावला,
मग काचेच्या डोळ्यातून आत डोकावला.
"हवा वाढली नाय गो," म्हणाला,
"उरलीय.
खानारं कोन नाय आतमदी."

फेस वर येत होता.
फेसाखालचं सगळं पातळ होत चाललेलं,
आधी ताक, मग ताकाची निवळी.
मी नमुना काढला, स्लाइड लावली.
सळया नव्हत्या. चिंध्या होत्या.
ज्यानं मारलं तो दिसत नव्हता,
आमचं भिंग तेवढं नाही.
मढवीनं नळी नाकाखाली धरली.
आंबलं आणि नासलं यांतलं अंतर
त्याला मीटरशिवाय कळतं.

वाशीहून साहेबांचा झोपेतला आवाज:
किल करा.

एकशे एकवीस अंश, वाफ धरून तीस मिनिटं.
तेवढ्यात आम्ही जेवलो, बाहेर, जिन्याखाली.
त्याची तांदळाची भाकरी, सुकट.
माझी गवारीची भाजी त्यानं न मागता घेतली.
समोरच्या बॉयलरकडे हनुवटी केली,
"तितं आमची खाचरं. खाजनातली.
एका राती खारं पानी घुसलं.
सकाली भात उबाच होता,
हिरवा, पन मेलेला.
बापूस बोल्ला, बांध काय फुटत नाय रे.
खेकडा भोक पाडतो."

वाफेची शिट्टी थांबली.
हंड्यातलं सगळं, छत्तीस तासांचं,
सांडपाण्याच्या टाकीकडे निघालं.
पाइपला कान लावला तर ऐकू येत होतं.

मग पहाटेपर्यंत तो खेकडा शोधत फिरला.
हातात बॅटरी आणि साबणाचं पाणी,
एकेका जोडावर फडका पिळून
बुडबुड्याची वाट बघत.
हवेचा फिल्टर नाही.
वरचा झडपा नाही.
सव्वापाचला, नमुन्याच्या नळाशी,
तो मांडी घालून बसला
आणि नखानं एक रबरी चकती उपसली.
एका कडेला केसाएवढी भेग.
काल रात्री याच नळातून
मी तीनदा नमुना काढला होता.

त्यानं तसं काही म्हटलं नाही.
चकती खिशात टाकली,
नवी बसवली, हात धुतले.

आमच्याकडे रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.
पांढरा रंग चालत नाही, पान फाडणं तर नाहीच.
एकच आडवी रेघ,
खालचा शब्द वाचता यायला हवा,
शेजारी सही, तारीख, वेळ.
मी रेघ मारली.
सुधारणा
अजून वाचता येते.