बिजागरी

दहावीच्या विज्ञान प्रदर्शनाला
लेकीनं हालते सांधे घेतले
आणि थेट टिंबर मार्केटात, माझ्या गाळ्यात आली.
"मॉडेल लाकडाचं करतो, बाबा. तुम्ही फक्त रंधा मारा."

खांदा सोपा गेला.
शिसवीच्या तुकड्यात उखळ कोरली,
जुन्या पाळण्याचा गोळा तीत बसवला. गरागरा फिरला.
"उखळ उथळच ठेवा,
खोल केली तर हात वर जायचा नाही,
कोपऱ्यातला बॉल मग कसा काढू?"
शाळेच्या टीमची गोलकीपर आहे ती.
मी म्हटलं, "अगं, निखळंल की."
"निखळतोच," म्हणाली,
पाऊस पडतोच म्हणावं तसं.

गुडघ्याला मी बिजागरी घेतली,
दोन इंची, पितळी,
आणि पेचकस हातात तसाच राहिला.

अठ्ठ्याण्णव साल. गांधी मैदान. पेठेची मॅच.
उजवा बूट चिखलात रुतलेला
आणि मागून हाक, "महिपती, डावीकडं!"
मी वळलो.
बूट वळला नाही.
बिजागरी पिळली की आधी स्क्रू सुटतात,
मग लाकूड फाटतं, हे मला पोटापाण्यापुरतं ठाऊक होतं.
आवाज मात्र लाकडाचा नव्हता.
चपलेचा अंगठा तुटतो ना, तसा,
बारीक, ओला.
इलाहीचाचांनी तीन आठवडे पाला बांधला.
दार उघडू लागलं, मिटू लागलं.
पण वळायची वेळ आली की
तो अजून मला विचारतो, नक्की ना?

यातलं काही मी तिला बोललो नाही.
ती खाली वाकून बघत होती.
"स्क्रू जरा ढिला ठेवा, बाबा.
वाकलेला असला की गुडघा थोडा वळतो पण."
"कोण म्हणतं?"
"पुस्तक."
"थोडासाच?"
"थोडासाच."

सत्तावीस वर्षं
मी त्याला नुसती बिजागरी समजत आलो.

राहता राहिला हाताचा अंगठा.
खोगिराचा सांधा, हाडावर हाड स्वार.
चार तुकडे वाया गेले, पाचवा चिरला.
शेवटी तिनं बॉल धरायला धरतात तसे
दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले,
आणि मी ते अंगठे मुळाशी चाचपत बसलो,
भुसा लागलेल्या बोटांनी,
सुताराला न जमलेलं काम बघत.

मॉडेल अंगठ्याशिवायच गेलं. नंबर तिसरा.
परीक्षकांनी विचारलं, "अंगठा कुठाय?"
तिनं त्यांना सरळ
अंगठा दाखवला.