लागू नाही

दर महिन्याच्या तेवीस तारखेला
मी रबाळ्याच्या ऑफिसात बसून
इतरांच्या जादा तासांचा हिशोब करतो.
पॅकिंगचा शिवदास भोईर : एकोणीस तास, दुप्पट दराने.
बॉयलरवरची जोडी : छत्तीस-छत्तीस.
शकुंतला गोवारी रविवारी आली होती,
तिचे आठ तास कुणीतरी सहाच लिहिलेत.
ते मी आठ करतो, पंचिंगचा कागद जोडतो.

सगळ्यात खाली माझी ओळ.
तिथे जादा तासांचा चौकोन राखाडी आहे,
आत दोन शब्द : लागू नाही.

एप्रिलपर्यंत लागू होतं.
मग मला सहायक व्यवस्थापक केलं.
पेढे वाटले. व्हिजिटिंग कार्डं आली दोनशे,
त्यातली एकशे चौऱ्याण्णव अजून ड्रॉवरमध्ये.
सासऱ्यांनी विचारलं, हाताखाली किती माणसं?
मला एक स्टेपलर आठवला
आणि एक प्रिंटर, जो माझं ऐकत नाही.

साडेसहाला एसी बंद होतो.
त्याची वेळ ठरलेली आहे, करारात लिहिलेली.
आठला मावशी मला पाय वर घ्यायला लावून फरशी पुसतात.
नऊनंतर कॉरिडॉरचे दिवे एकाआड एक.
इमारतीला बरोबर कळतं दिवस कधी संपला ते.

"आजचं आज करून जा," एवढंच म्हणतात ढवळेसाहेब,
आणि निघताना खांद्यावर हात ठेवतात.
हात हलका असतो.
बहुतेक तोही पगारात धरलेला असावा.

आज कोणीच नव्हतं, म्हणून
राखाडी चौकोनाचं कुलूप काढलं.
पासवर्ड मीच ठेवलेला.
गेटवरच्या वहीतून माझ्या जाण्याच्या वेळा उतरवल्या,
बेरीज केली, पुन्हा केली,
एकाहत्तर तास टाकले.
यंत्र क्षणभरही अडलं नाही.
दुप्पट केली, कर कापला, आकडा समोर ठेवला.
मी तो मोठ्याने वाचला रिकाम्या ऑफिसात,
चेकवर लिहितात तसा, अक्षरी,
शेवटच्या "फक्त"सकट.

मग पडद्याने विचारलं : बदल जतन करायचे?
सात महिन्यांत पहिल्यांदाच
कोणी मला काही विचारून करत होतं.
मी "नाही" दाबलं.
शकुंतलाबाईंचे आठ तास आहेत ना, एवढं पाहिलं
आणि फाइल पुढे पाठवली.

नाक्यावर एकच रिक्षा.
कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
त्याने मीटर टाकला, मोबाइलमधली वेळ दाखवली.
"बारा वाजून चार मिनिटं. सव्वापट होईल, साहेब.
रात्रीचा नियम आहे."
आवाजात ना लाज, ना विनवणी,
जसं कोणी सांगावं, पुढे डावीकडे वळायचंय.
मी म्हटलं, घ्या.

ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा होता,
कारखान्यांच्या कुंपणांमागे कुठेतरी शिफ्टचा भोंगा झाला
आणि कोणीतरी घरी निघालं असेल.

उतरल्यावर त्याने सुटे मोजून हातावर ठेवले.
राहू द्या, मी म्हटलं.
तो म्हणाला, नको.
झाले तेवढेच घेतो.