शून्यापासून

मानवतला नळ आठ दिवसांनी येतो.
भिंतीवरच्या कागदात मात्र
वाहत्या पाण्याखाली हात धुवा, वीस सेकंद.
मी तांब्यानं ओततो, तस्नीम मॅडम चोळतात,
मग त्या ओततात, मी चोळतो.
खाली बादलीत साठलेलं संडासाला जातं.

एप्रिल. पंखा बंद, एसीवर जुनी चादर,
दोन्ही खिडक्या सताड उघड्या.
किटच्या आत घाम घोट्यापर्यंत उतरतो
आणि बुटात जमा होतो.
दाराशी मी लोकांच्या कपाळावर बंदूक धरतो.
कवळी, सफाई, वाकडे दात: नंतर या.
ज्याला कळ सोसवत नाही तोच आत.

विश्वंभर होगेचा गाल डोळा मिटेपर्यंत सुजला होता.
नगरपरिषदेच्या गाडीवर असतो तो.
कोणत्या गाडीवर, हे त्या महिन्यात
विचारावं लागत नव्हतं.
पाथरीत दोघांनी अर्ध्या शटरखालून
त्याला गोळ्यांची नावं सांगितली होती.

"निगेटिव्ह हाय मी," हात लांब करून त्यानं रिपोर्ट धरला,
"परवाचाच हाय."
मॅडम म्हणाल्या, "खिशात ठेवा तो.
इथं सगळ्यांना एकच धुणं."

आमचा ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच.
आरसा, चिमटा, दाढ काढायची पकड,
आधी ब्रशनं घासायची, खिळीतलं रक्त निघेपर्यंत,
कोरडी करायची, पाकिटात घालायची, वर तारीख.
एकशे एकवीस अंश. पंधरा पौंड. तीस मिनिटं.

बाविसाव्या मिनिटाला लाईट गेली.

काटा खाली आला,
घाई नसलेल्या माणसासारखा.
"आठच राहिली होती, मॅडम."
पाकिटावरची पट्टी तपकिरी झाली होती,
काळी नव्हे.
चहा असता तर चालला असता.
मॅडमनी ती खिडकीच्या उजेडात धरली,
चष्म्याआडून, काचेआडून, घामाआडून बघितली.
"शून्यापासून लाव, सोपान."

बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत तो जबडा धरून बसलेला.
कसं सांगावं, हे मी दारातच उभा राहून जुळवत होतो.
तोच म्हणाला,
"येऊ द्या की लाईट. बसायलो मी.
आमचं बी तसंच हाय.
चेन लावल्यावर चुकून हात लागला
की पुन्हा पहिल्यापून फवारायचं.
तिथं बघायला कुणी नसतंय."

मग दोघंही गप्प.
समोरच्या जिनिंगच्या पत्र्यावर ऊन वाजत होतं.

लाईट तासानं आली. मी तीस मिनिटं
काट्यावरून नजर काढली नाही.
या वेळी पट्टी काळी. कोळशासारखी.

त्यानं मास्क उतरवला तेव्हा कळलं,
मिशी पूर्ण पांढरी आहे.
मी त्याला माझ्याच वयाचा धरून चाललो होतो.
तांबडं औषध त्यानं तोंडात घोळवलं, थुंकलं,
आणि मोठा आ केला,
कुणावरही विश्वास ठेवायची सवय मोडलेली असताना.

दाढ निघाली. मुळाशी पू.
पिवळ्या पिशवीकडं बोट करून,
बोळा दाताखाली तसाच दाबून तो म्हणाला,
"ही आमच्याच गाडीत येती का?"
"नाही. हिची गाडी वेगळी."
"बरंय," तो म्हणाला. बस एवढंच.

तो गेल्यावर खुर्ची पुसली,
दिव्याचं हँडल, दाराची कडी,
त्यानं टेकलेली भिंतही.
पकडीच्या खिळीत त्याचं रक्त होतं.
ब्रश घेतला.
पिंपात दीड तांब्या पाणी,
नळाला अजून तीन दिवस.