छाट

डाव्या कानाखाली, जबड्याच्या मागं
लिंबीला गाठ लागली ती मंगळवारी.
वाटाण्याएवढी. म्हटलं काटा मोडला असेल,
कुंभारीच्या माळाला वेडी बाभूळ काय कमी आहे?
पुढच्या मंगळवारी सुपारीएवढी,
वरचे केस गळालेले,
दाबली तर पिकल्या सीताफळासारखी.

तीस वर्षं विड्या वळते मी.
अंधारात पान हाताळून सांगेन
कोणतं भिजलंय, कोणतं फाटणार.
बोटांना पहिल्याच दिवशी कळलं होतं,
मीच हजारी मोजत बसले.

वळसंगच्या मुजावर मॅडम आल्या,
स्कूटी उन्हात लावली,
शेळीला शिवायच्या आधी आणि शिवल्यावरही हात धुतले.
"फुटायची वाट बघू नका, नरसम्मा.
फुटली की सगळं अंगणात.
तो पू मातीत महिनोन्‌महिने जगतो,
गव्हाणीच्या लाकडात, खुंट्याला, दोरीला.
एकीची पाचींना."
मग बॅग उघडता उघडता, माझ्याकडं न बघता,
"खरं तर छाटूनच टाकायला पाहिजे ही."

छाट.
हा शब्द मला कुणी शिकवायला नको.
कारखान्यात मुनीम कट्टा हातात घेतो,
पंचविसातली एक सैल लागली
की मूठभर मोडून टोपलीत. छाट.
मजुरी नाही, पानही आपलंच गेलं.

कैची मांडीवरच्या सुपात होती.
हात आपसूक तिकडं गेला
आणि मॅडम ओरडल्या, "ती नाही!"
ती परत पानाला लागणार,
पान कुणाच्या तरी ओठाला.
मी सूप आत ठेवून आले. लाज वाटली.

मोरीपलीकडं, पत्र्याच्या आडोशाला
मी शिंगं धरली, त्यांनी ब्लेड धरलं.
गाठ खालच्या अंगानं चिरली.
आला तो पू वाहत नव्हता,
हिरवट पांढरा, घट्ट पिठल्यासारखा,
आणि त्याला वास नव्हता.
वास असता तर बरं वाटलं असतं.
जुन्या पेपरवर सगळा झेलला,
आत आयोडीन, बाहेर आयोडीन,
लिंबीची मान विडीच्या पानाच्या रंगाची झाली.
कागद, बोळे, मोजे खड्ड्यात,
वर आठवडाभराची पानांची कात्रण.
धडाधड पेटली.

"काय गं जाळतेस?"
भिंतीवरून अंबव्वा.
तिच्या सात शेळ्या त्याच माळावर चरतात.
म्हणता आलं असतं, कचरा.
सांगितलं.
तिनं भिंतीवरचं तोंड काढून घेतलं,
आणि नऊ दिवस आमच्या दारावरून
तिची एक शेळी गेली नाही.

एकोणिसाव्या वर्षी माझ्या मानेला गाठ होती.
ताट वेगळं, तांब्या वेगळा, झोपायचा कोपरा वेगळा.
आई भाकरी लांबून सरकवायची.
पण गरम सरकवायची.
वण आहे अजून, पोतीखाली झाकतो.

म्हणून लिंबीला वेगळं बांधलं तरी
पाला हातानंच घातला.
सगळ्यांचं उरकून, सगळ्यात शेवटी,
तिची बादली वेगळी, तिचं दावं वेगळं,
मग कोपरापर्यंत साबण.
रात्री ओरडायची. मी आतून ओ द्यायची.

जखम भरली महिन्यानं.
मॅडम म्हणाल्या, "बरी झाली म्हणू नका,
बंद झाली म्हणा.
आत फुप्फुसाला कुठं बसली असेल
तर बाहेरून दिसायची नाही."
बाजारात मोहोळचा एक जण तिला बघून गेला,
चांगला भाव बोलत होता.
मानेवरचा वण दाखवला, तर हात पुसत निघाला.
मुलगा दिवसभर बोलला नाही माझ्याशी.

दहाव्या दिवशी अंबव्वा दारात,
कडेला काळं पाठरू.
"तुझी बोटं जरा लाव की हिला."

आता रोज सकाळी, तंबाखूला हात लावायच्या आधी,
बारा शेळ्या.
जबड्याखाली, खांद्यापुढं,
कुशीच्या वळीत, मांडीच्या मागं.
आज अकरा झाल्या.
बारावी हात लावू देत नाही,
पळतेय अंगणभर.