तोट्याचा रकाना

एकवीस वर्षं मी शिकवतो आहे
उद्योजकता विकास, पेपर चौथा, ऐंशी गुण.
व्याख्या, वैशिष्ट्यं, कोणतेही पाच घटक.
स्वतः आयुष्यात काही विकलं असेल
तर एक जुनी लुना,
तीही मेहुण्याला, घासाघीस न करता.

दुर्वास पराते या पेपरात दोनदा नापास.
मार्चअखेर आमचा कूलर बसला
तेव्हा तोच भेटला गोळीबार चौकाच्या पुढे,
ताट्यांमध्ये नवं गवत ठासत,
बोटांना चिरा, कानामागे पेन्सिल.
"बसा जी सर.
व्याख्या अजून पाठ आहे मले,
पेपरातच आठवत नाही."

मग पंप खोलता खोलता म्हणाला,
"गवत जानेवारीत घेतलं तं स्वस्त पडते,
पण पैसा मे लोक अडकून राह्यते.
व्याज धरून एका ताटीचे
किती लावू, सर?"

मी पाण्याकडे बघत राहिलो.
चढत होतं, पडत होतं.
अर्धं उत्तर माझ्याकडे होतं, अर्धं त्याच्याकडे.
दिवे लागेपर्यंत बिलाच्या पाठीवर
दोघांनी मिळून काढलं: एकशे चाळीस.
तो बराच वेळ गप्प.
"मी तं दोन वर्षं एकशे वीसनं विकून राह्यलो."

जुलैत वर्गात सगळ्यांना गाईड मिटायला लावलं.
प्रत्येकी दोनशे रुपये, पंधरा दिवस, एक वही.
प्राचार्य म्हणाले, हे कुठल्या घटकात बसतं?
शोधतो, म्हटलं. अजून शोधतोय.

हेडाऊनं मोबाइलची कव्हरं विकली सीताबर्डीवर,
पोलिसानं दोनदा उठवलं, तेही लिहिलं, वेळेसकट.
पुढं तीच वही घेऊन तो बुटीबोरीला मुलाखतीला गेला.
साहेबांनी गुणपत्रिका बाजूला सारली,
वही चाळली शेवटापर्यंत.
नोकरी नाही लागली.
दिवाळीनंतर ये, म्हणाले.

आणि विशाखा गजभिये,
कॉलेजच्या गेटसमोर सांबारवडीचा डबा घेऊन.
तिची वही मी दोनदा वाचली:
"पावसानं सांबार महाग झाला, आधी विचारलं नाही.
तेल घरचं, म्हणून मोजलं नाही.
आई पहाटे चारला उठली.
तिची मजुरी लिहायची असते का, सर?"
खाली, लाल रेघ मारून:
तोटा त्रेसष्ट रुपये,
अधिक आई.

बाराव्या प्रकरणातही नव्हतं हे.
मी तिला वीसपैकी वीस दिले
आणि कारणाच्या रकान्यात काय लिहावं
ते न सुचून शाई वाळू दिली.

ऑगस्टात ती पुन्हा गेटसमोर.
वडी दोन रुपयांनी चढलेली,
वहीत एक नवी ओळ: मजुरी, आई.
मी एक प्लेट घेतली. सुटे निघेनात.
"राहू द्या सर, नाव लिहून ठेवते."

तेव्हापासून तिच्या वहीत मी आहे.
येणे बाकीच्या बाजूला,
रुपये वीस.