कागद आतच होते

नेब्रास्कातला नोव्हेंबर, बाहेर वारा,
धान्याच्या जुन्या काट्याशेजारी फळ्यांचं स्टेज,
घडीच्या खुर्च्या चव्वेचाळीस,
कपडे वाळत घालायच्या दोरीवर सात गोधड्या.
दिव्यांची बटणं माझ्याकडे.
एरवी मी ट्रॅक्टर दुरुस्त करतो.

ऑर्फा लिंडक्विस्ट, वय एकाहत्तर, निवृत्त पोस्टवाली,
आज तिची खापरपणजी हुल्डा झालेली.
झगा चर्चच्या पेटीतला, मागे सेफ्टी पिना.
आवाज मात्र टपाल वाटतानाचाच:
नाव, पत्ता, पुढचं दार.

"हा निळा तुकडा हिल्माचा.
प्लॅट नदीपाशी कॉलऱ्यानं गेली.
थडग्यावर लावायला फळी नव्हती,
गाडीची तोडावी, तर गाडी चालणार कशी?
मग तिचा एक झगा आम्ही चौघींनी फाडून घेतला.
चार घरांत चार गोधड्या,
प्रत्येकीत थोडी थोडी हिल्मा."

"हे मळकट कापड छताचं.
घर मातीचं होतं, वरून साप पडायचे,
म्हणून पलंगावर ताणलेलं.
डाग आहेत ते पावसाचे नाहीत.
पावसाचे असते तर बरं झालं असतं."

"आणि ही भोकं टोळांची.
पट्ट्यापट्ट्यांचं कापड होतं,
मेल्यांनी नेमका हिरवाच पट्टा खाल्ला."
लोक हसले. मीही.

मग कोपऱ्यातली लाल फीत.
"पॉनी बाईनं दिली, पिठाच्या बदल्यात.
हुल्डाच्या वहीत पीठ किती ते आहे,
नऊ पौंड.
बाईचं नाव नाही.
पुढे त्या लोकांना दक्षिणेला हाकललं.
आमच्या कागदावर ही जमीन मोकळी होती."
इथं कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत
मेयरनं पाय बदलला.

सातवी गोधडी अर्धीच. षटकोन, षटकोन,
धावदोऱ्यानं कागदावर टाचलेले.
तालमीत ऑर्फा एवढंच म्हणायची, "ही राहून गेली,"
आणि मी दिवे मंद करायचो.

त्या रात्री तिनं एप्रनच्या खिशातून कातर काढली.
माझं बोट बटणावर तसंच.
तिनं एक टाका उसवला, मग दुसरा,
आतला कागद दिव्याकडे धरला.
स्वीडिश होतं. ती अडखळत वाचू लागली,
लहानपणी जेवणाआधी म्हणायची तेवढीच तिला येते.

"…वासरू जगलं, पण…"

"…तुझ्या खोलीत आता बटाटे…"

"…ये म्हणत नाही मी, एवढंच की…"

चौथ्यावर फक्त एक तारीख, अर्धी.

आईची पत्रं. हुल्डानं ती कापली होती,
गावात दुसरा कागद नव्हता म्हणून,
की दुसरं काही, ते ऑर्फाला माहीत नाही,
तसं ती स्टेजवरच म्हणाली: "मला माहीत नाही."
पाचवा तिनं उसवला नाही.
वाकून नमस्कार वगैरे काही केला नाही,
सरळ पायऱ्या उतरून खाली आली.
दिवे मी मंद केलेच नाहीत.
टाळ्या झाल्या, पण उशिरा,
जरा ओशाळलेल्या.

सगळे गेल्यावर आम्ही खुर्च्या मिटल्या.
ती स्टेजच्या कडेला बसली, गोधडी मांडीवर.
विचारलं, कुठला कागद कुठल्या तुकड्यात होता,
आठवतंय का?
"नाही," ती म्हणाली, "पण पत्रं आहेत ती.
चुकीच्या दारात पडायची सवय असते त्यांना."
चष्मा घरी राहिला होता तिचा.
सुईत दोरा मला ओवायला लावला.
तिसऱ्या खेपेला गेला,
पांढऱ्या दोऱ्यावर माझ्या बोटाचं ग्रीस.

दुसरा घेतो म्हटलं.
तिनं तो दिव्याखाली धरून पाहिला,
आणि गाठ मारली.