शंभराने भागून

गोकुळ शिरगावच्या शेडमधून आलेली पिशवी
मी कात्रीनं उघडते, आणि आधी नुसती बघते.
गव्हाच्या कोंड्याहून जरा राखाडी पूड.
साखर कारखान्याच्या मळीवर वाढवलेली बुरशी,
वाळवलेली, दळलेली, शेकडा अठ्ठेचाळीस प्रथिनं.
अभिनंदन मगदूम म्हणतात, शाकाहारी पांढरा रस्सा,
काजू-खसखशीचा खर्च निम्म्यावर येतोय बघा.
मी विचारते, तुम्ही खाऊन बघितलंत?
ते हसतात, घड्याळाकडे बघतात.
"आमच्यात अळंबी चालत नाही, मॅडम."

अर्जात एक रकाना असतो:
पूर्वी हे कुणी खाल्लं आहे का,
किती वर्षं, किती माणसांनी.
'कुणी नाही' लिहिताना मला गवसू झोरे आठवतात,
गगनबावड्याच्या वरच्या वाडीतले.
वारुळावरची अळंबी काठीनं दाखवत म्हणाले होते,
"ही खायाची. ती न्हाई.
तिनं आमची दोन घरं गेल्ती."
कुठली घरं, कुणाच्या काळात, त्यांनाही ठाऊक नव्हतं.
सही नसलेला, शिक्का नसलेला अहवाल.
नमुन्याची संख्या: दोन घरं.

माझ्याकडे ऐंशी उंदीर आहेत
आणि नव्वद दिवस.
एक्केचाळीस नंबरचं डावं मूत्रपिंड जरा जड भरलं.
तराजू पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं.
तेवढंच.
शेजारच्याचं नाही, त्याच्या शेजारच्याचंही नाही.
एकटा उंदीर म्हणजे पुरावा नव्हे, हे मला शिकवलेलं आहे.
घरी आमटी ढवळताना
'एकटा' हा शब्द माझ्या तोंडून दोनदा निघाला.

जी मात्रा उंदरांना बाधली नाही
तिला शंभराने भागायचं.
दहा, उंदीर आणि माणूस यांच्यातल्या अंतरासाठी.
दहा, माणूस आणि माणूस यांच्यातल्या.
दोन्ही अंतरं सारखीच धरलेली!
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून
समोरच्या फौंड्रीच्या धुराकडे बघत बसले होते.

मग, कोण किती खाणार.
तक्त्यातली वाटी दीडशे मिलीची
आणि तक्त्यातला माणूस एकच वाटी घेतो.
तक्ता करणारा कोल्हापुरात जेवलेला नाही.
इथं वाढपी विचारत नाही, ओततो,
आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून ओततो.
मी चार वाट्या लिहिते. खोडते. सहा.
लग्नसराईत, गंगावेशीतल्या पोरांसाठी, नऊ.
साहेब म्हणतात, सरासरी घ्या की.
साहेब, सरासरी माणूस पंगतीला बसत नाही.
बसते आमच्या गल्लीतली तन्झिला मुल्लाणी,
वजन सोळा किलो,
भिंतीला ओल आली की जिचा श्वास शिट्टीसारखा वाजतो.
तिच्यासाठी कितीनं भागू?

शेवटचं वाक्य ठरलेलं असतं.
'तपासलेल्या मात्रेत, तपासलेल्या काळात
अपाय आढळला नाही.'
मगदूमांना पहिली ओळ नको आहे,
पाकिटावर जागा कमी आहे म्हणतात.
मी ती काढत नाही.
उलट खाली आणखी एक घालते, ठळक, मराठीत,
बुरशीचा त्रास असणाऱ्यांसाठी,
आणि ॲलर्जीची चाचणी नव्यानं मागते. आणखी दोन महिने.
फोनवर त्यांचा आवाज चढतो,
"अहो, विष हाय काय ते?"
नसेल. बहुतेक नसेल.
मी एवढंच म्हणते, "पिशवी कोरड्या जागेत ठेवा."

दिवे मालवायच्या आधी
एक्केचाळीसची काच पुन्हा भिंगाखाली धरते.
जांभळं, गुलाबी, नेहमीसारखं. जवळजवळ नेहमीसारखं.
तिचा फोटो फाइलला जोडते.
कुणी मागितला नव्हता.